दहा नंबरची पाठ

१८ जुलै २०११ हा जपानमध्ये सुट्टीचा सोमवार होता. तरीही त्या दिवशी पहाटे पावणेचारच्या आधीच घरोघरी टीव्ही लागले होते, आणि शहरांतल्या बारमध्ये माणसं दाटीवाटीनं उभी होती. फ्रँकफर्टमध्ये महिला विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू होत होता, जपान विरुद्ध अमेरिका. त्याआधी जपानच्या मुलींनी अमेरिकेला एकदाही हरवलं नव्हतं.

११७ व्या मिनिटाला, जादा वेळ संपायला तीनच मिनिटं उरलेली असताना, जपान १-२ असा मागे होता. डावीकडून कॉर्नर मिळाला. आया मियामानं चेंडू जवळच्या खांबाकडे सोडला. दहा नंबरची जर्सी घातलेली, ३२ वर्षांची कर्णधार होमारे सावा घोळक्यातून सुटून चेंडूच्या दिशेनं धावली, म्हणजे गोलपासून लांब, कॉर्नरच्या झेंड्याकडे. चेंडू तिच्यापर्यंत पोचला तेव्हा सरळ फटका मारायला जागा नव्हती आणि डोक्यानं मारावा इतकी चेंडूला उंची नव्हती. तिनं धावता धावता उजवा पाय उचलला आणि पावलाच्या बाहेरच्या कडेनं चेंडूला नुसता स्पर्श केला. चेंडू वळला आणि अमेरिकेची गोलकीपर होप सोलो हिला चुकवून जाळ्यात गेला. गोलकडे जवळपास पाठ करून मारलेला गोल.

मी हा गोल संथ करून अनेकदा पाहिला आहे. प्रत्येक वेळी माझं लक्ष तिच्या धावेच्या सुरुवातीकडे जातं. मियामाचा पाय चेंडूला लागायच्या आतच सावा निघालेली असते. अमेरिकेच्या उंच मुली तेव्हा चेंडू कुठं पडेल याचा अंदाज घेत उभ्या असतात आणि हिला मात्र ते ठाऊक असतं. ११६ मिनिटं पळून झाल्यावर, बत्तिसाव्या वर्षी, ती सगळ्यांत आधी निघते.

जपाननं तिला डोक्यावर घेतलं ते या गोलामुळे, असं सगळीकडे लिहिलं गेलं आणि अजूनही लिहिलं जातं. मला ते अपुरं वाटतं. एका गोलानं माणूस प्रसिद्ध होतो. पण सावाबद्दल जपानी लोक ज्या आवाजात बोलतात, निवृत्तीनंतर इतकी वर्षं झाली तरी बोलतात, त्यात प्रसिद्धीपेक्षा वेगळं काहीतरी आहे. त्यात थोडी ओशाळलेली कृतज्ञता आहे. ही बाई वीस वर्षं आपल्या समोरच खेळत होती आणि आपण तिच्याकडे नीट पाहिलंच नाही, अशी.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल हा पेठेचा मामला. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा सामना असला की गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते. लहानपणी आप्पा मला घेऊन जायचे आणि आजूबाजूला माझ्याएवढी दुसरी मुलगी शोधूनही सापडायची नाही. एखादा पोरगा एका हंगामात पेठेचा लाडका होतो, त्याला खांद्यावर उचलून मिरवतात, आणि पुढच्या हंगामात तो दुसऱ्या तालमीकडे गेला की त्याच गॅलरीतून त्याच्या नावानं शिमगा होतो. त्यामुळे लोकप्रियता किती लवकर चढते आणि किती लवकर उतरते, हे मी फार लहानपणी पाहिलं आहे. सावाची गोष्ट मला धरून ठेवते ती यासाठी की तिच्याबाबतीत सगळं उलट्या क्रमानं झालं. आधी अख्खं आयुष्य खेळणं, आणि गर्दी अगदी शेवटी.

तिचा जन्म १९७८ सालचा, टोकियोजवळच्या फुचूचा. ती मोठ्या भावामागून मैदानावर गेली आणि मुलांच्या क्लबात मुलांबरोबर खेळायला शिकली. १९९१ मध्ये, बाराव्या वर्षी, ती योमिउरी बेलेझा या टोकियोतल्या मोठ्या संघाकडून थेट बायकांच्या लीगमध्ये उतरली. १९९३ च्या डिसेंबरात, वयाच्या पंधराव्या वर्षी, राष्ट्रीय संघातून पहिलाच सामना खेळताना फिलिपिन्सविरुद्ध चार गोल.

तो काळ जपानी महिला फुटबॉलसाठी वरवर बरा होता. कंपन्यांकडे पैसा होता आणि त्या बायकांचे संघ पाळत होत्या. नॉर्वेची हेगे रिसे, जी १९९५ च्या विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडू ठरली, तीसुद्धा जपानच्या लीगमध्ये खेळायला आली होती. मग अर्थव्यवस्थेचा फुगा फुटल्याची झळ इथवर पोचली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एकेक कंपनी संघ बंद करत गेली. वर २००० च्या सिडनी ऑलिंपिकसाठी जपान पात्रच ठरला नाही. हिशेब बघणाऱ्यांना हात आखडता घ्यायला तेवढं कारण पुरलं.

सावा तोवर अमेरिकेला गेली होती. २००१ मध्ये तिथं बायकांची पहिली व्यावसायिक लीग सुरू झाली आणि ती अटलांटा बीटकडून खेळू लागली. २००३ च्या सप्टेंबरात, विश्वचषक तोंडावर आला असताना, ती लीगही पैशाअभावी बंद पडली. पंचविशीपर्यंत या मुलीनं दोन देशांत आपला खेळ गुंडाळला जाताना पाहिला. क्लब जातात, प्रायोजक जातात, लीग जाते, आणि सकाळी उठून सराव मात्र करायचाच असतो. बाहेरून कुणी विचारत नसताना स्वतःचा दर्जा टिकवून धरणं किती कठीण असतं, हे ज्यानं कुठलंही काम दुर्लक्षात केलं आहे त्याला सांगावं लागणार नाही.

२४ एप्रिल २००४ चा सामना मला फ्रँकफर्टइतकाच मोठा वाटतो. अथेन्स ऑलिंपिकची पात्रता, टोकियोचं राष्ट्रीय स्टेडियम, समोर उत्तर कोरिया. बरीच वर्षं जपान त्यांना हरवू शकला नव्हता. जिंकलो तर ऑलिंपिक, हरलो तर सिडनीनंतर पुन्हा एकदा घरी, आणि त्यानंतर महिला फुटबॉलवर पैसे घालणारं कुणी उरेल याची खात्री नाही. सावाच्या गुडघ्याला दुखापत झाली होती. ती इंजेक्शन घेऊन उतरली. सुरुवातीलाच तिनं अशी काही जोरदार टक्कर देऊन चेंडू काढून घेतला की मागच्या मुलींच्या अंगात एकदम वारं संचारलं. पुढे कित्येकींनी त्याच क्षणाची आठवण सांगितली आहे. तीस हजारांहून जास्त प्रेक्षकांसमोर जपान ३-० असा जिंकला. याच वर्षी संघाला 'नादेशिको जपान' हे टोपणनाव मिळालं.

तरीही ती गर्दी त्या दिवसापुरतीच. लीगचे सामने पुन्हा काही शे माणसांसमोर. संघातल्या बहुतेक जणी दिवसा दुकानात किंवा कचेरीत काम करायच्या आणि संध्याकाळी सराव. २००८ मध्ये बीजिंगला जपान चौथा आला. तिथं कांस्यपदकासाठी जर्मनीशी खेळायच्या आधी सावा मियामाला म्हणाली होती की त्रास असह्य झाला की माझ्या पाठीकडे बघ. तो सामना जपान हरला. पदक गेलं, पण ते वाक्य संघात राहिलं. धाकट्या खेळाडू पुढे सांगायच्या की पाय उचलेनासे झाले की आम्ही खरंच मान वर करून दहा नंबर शोधायचो, आणि ती पळतच असायची.

माझ्या मते तिच्या लोकप्रियतेचा उगम इथं आहे. आधी ती तिच्या मागे खेळणाऱ्या दहा जणींची लाडकी झाली. देशाला ते नंतर दिसलं.

२०११ उजाडलं तेच डळमळीत. बेलेझाच्या मागचा पैसा आटला होता, आणि सावा काही सहकाऱ्यांसह कोबेच्या आयएनएसी संघात गेली. ११ मार्चला भूकंप आणि त्सुनामी. अठरा हजारांहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांचा अपघात झाला. महिला फुटबॉलला या अपघाताची झळ फार जवळून बसली, कारण ते केंद्र चालवणाऱ्या वीज कंपनीचाच तेपको मरीझे नावाचा महिला संघ होता. त्या मुली त्याच कंपनीत नोकरी करायच्या. संघ थांबला तो थांबलाच. जे-व्हिलेज हे फुकुशिमातलं फुटबॉलचं मोठं प्रशिक्षण केंद्र अपघाताशी झुंजणाऱ्या कर्मचाऱ्यांचा तळ झालं. जिथं मुली पास द्यायला शिकत होत्या तिथं संरक्षक पोशाख घातलेली माणसं येऊ-जाऊ लागली.

चार महिन्यांनी हा संघ जर्मनीत उतरला. सावानं मेक्सिकोविरुद्ध तीन गोल केले. उपांत्यपूर्व फेरीत गाठ पडली यजमान जर्मनीशी, सलग दोन विश्वचषक जिंकलेल्या संघाशी. त्या सामन्याआधी प्रशिक्षक नोरियो सासाकी यांनी मुलींना उद्ध्वस्त किनारपट्टीची छायाचित्रं दाखवली. १०८ व्या मिनिटाला सावानं जर्मन बचावफळीच्या मागे एक चेंडू सोडला, आणि त्यावर धावत जाऊन तिरक्या कोनातून गोल केला करिना मारुयामानं. ही मारुयामा काही वर्षांपूर्वी तेपको मरीझेकडून खेळायची आणि फुकुशिमा दाइइची केंद्रात नोकरी करायची. कुणी कथेत असं लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच जुळवून आणलंय.

जपानी खेळाडू प्रत्येक सामन्यानंतर एक मोठा फलक धरून मैदानाला फेरी मारत होत्या. जगभरातल्या मित्रांनो, तुमच्या मदतीबद्दल आभार, असं त्यावर लिहिलेलं. ही पद्धत त्या वेळी अचानक सुचलेली नव्हती. २००७ मध्ये चीनमधल्या हांगचौला, जिथं प्रेक्षकांनी सामनाभर त्यांची हुर्यो उडवली होती, तिथंही हरल्यावर या मुलींनी त्याच प्रेक्षकांसमोर चीनचे आभार मानणारा फलक धरला होता. त्यातही सावा होती.

आता फ्रँकफर्टकडे. सावाच्या गोलनंतर सामना पेनल्टीवर गेला. पेनल्टीच्या आधी जपानी मुलींनी प्रशिक्षकाभोवती कडं केलं होतं, आणि त्या कड्यातले चेहरे चक्क हसत होते. पलीकडे अमेरिकेच्या गोटात तणाव. शॅनन बॉक्सची पेनल्टी आयुमी काइहोरीनं उजवीकडे झेपावून पायानं अडवली, कार्ली लॉइडनं चेंडू आकाशात मारला, टोबिन हीथचाही अडवला गेला. शेवटची पेनल्टी वीस वर्षांच्या साकी कुमागाईनं वरच्या कोपऱ्यात ठोकली. ३-१. सावानं एकही पेनल्टी घेतली नाही. ती मधल्या रेषेवर बाकीच्यांबरोबर खांद्याला खांदा लावून उभी होती. देशाच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या क्षणी कर्णधार दुसऱ्यांच्या पायांवर भरवसा ठेवून उभी, हे चित्र मला गोलइतकंच आवडतं. आणि मियामा! ती आनंदानं नाचायच्या आधी हरलेल्या अमेरिकन मुलींकडे गेली. या संघाच्या वागण्याला एक वळण होतं, आणि ते सावाच्या हाताखालचं होतं असं मी ठामपणे म्हणेन.

पाच गोल, सर्वाधिक गोलांसाठीचा गोल्डन बूट, सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल, विश्वचषक. ऑगस्टमध्ये सरकारनं अख्ख्या संघाला राष्ट्रीय सन्मान पुरस्कार दिला. तोवर तो फक्त व्यक्तींनाच मिळत आला होता. भेट म्हणून प्रत्येकीला हिरोशिमा प्रांतातल्या कुमानो गावचे हातानं बनवलेले मेकअपचे ब्रश दिले. त्यावर तेव्हा थोडी कुजबुज झाली, की विश्वविजेत्यांना हे काय द्यायचं. मला ती भेट चांगली वाटली. कुमानोचे कारागीर पिढ्यान्पिढ्या एकेक केस निवडून ब्रश बांधतात. कुणी बघो न बघो, काम तितक्याच निगुतीनं करणारी माणसं. सावाला ती भेट शोभते.

लीगच्या सामन्यांना त्या हंगामात आदल्या वर्षाच्या सुमारे तिप्पट माणसं येऊ लागली. आयएनएसी कोबेच्या सात जणी विश्वविजेत्या संघात होत्या, त्यामुळे त्यांच्या मैदानाबाहेर सकाळपासून रांगा. काल दुकानात बिल करणाऱ्या मुलीला आज तिथंच लोक सही मागत होते. ९ जानेवारी २०१२ ला झुरिकमध्ये सावाला जगातली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू म्हणून गौरवलं. त्याआधीची सलग पाच वर्षं तो मान ब्राझीलच्या मार्ताचा होता. मंचावर पुरुषांचा पुरस्कार घ्यायला मेस्सी, आणि त्याच्या शेजारी किमोनो नेसलेली सावा. आशियातल्या कुठल्याही खेळाडूला, पुरुष किंवा बाई, तोवर तो मान मिळाला नव्हता.

जपानी फुटबॉलमधली लोकप्रियता म्हटली की बहुतेकांना हिदेतोशी नाकाता आठवतो, आणि ते रास्त आहे. इटलीतल्या पेरुजा क्लबकडून पहिल्याच सामन्यात युव्हेंटसविरुद्ध दोन गोल, २००१ मध्ये रोमाबरोबर इटलीचं विजेतेपद, रंगवलेले केस, फॅशन शोमधली पहिली रांग. २००६ च्या विश्वचषकात ब्राझीलकडून हरल्यावर तो डॉर्टमुंडच्या मैदानात आडवा पडून राहिला, आणि थोड्याच दिवसांत, अवघ्या २९ व्या वर्षी, संकेतस्थळावर निवृत्ती जाहीर करून जगप्रवासाला निघून गेला. लोकांनी त्याच्यावर प्रेम केलं ते काहीसं दुरून. तो नेहमीच निघून जाण्याच्या बेतात असलेला माणूस होता. ऐन बहरात सोडून जाण्याचं आकर्षण मला कळतं, पण माझं मन सावाकडे ओढ घेतं. ती थांबली. चार ऑलिंपिक, सहा विश्वचषक, २०५ सामने, ८३ गोल. सहा विश्वचषक म्हणजे १९९५ ते २०१५. पहिल्या विश्वचषकात तिच्याबरोबर खेळलेल्या बायकांच्या मुली शेवटच्या विश्वचषकापर्यंत शाळेत जाऊ लागल्या असतील.

थांबण्याची किंमतही तिनं मोजली. २०१२ च्या वसंतात तिला भोवळ येण्याचा आजार झाला, डोकं हलवलं की जग फिरायचं. त्यातून उठून ती लंडनला खेळली आणि वेम्बलीवर ऐंशी हजार माणसांसमोर रौप्यपदक घेतलं. २०१५ मध्ये व्हँकुव्हरच्या अंतिम सामन्यात अमेरिकेनं पहिल्या सोळा मिनिटांत चार गोल केले. अर्धा तास उलटून गेल्यावर बाकावरून सावाला उठवलं. त्या वेळी मैदानात उतरण्यात कुठलंही वैभव नव्हतं. सामना हातातून गेल्यातच जमा होता, ती ३६ वर्षांची होती, पाय पूर्वीसारखे चालत नव्हते. मियामानं दंडावरची कर्णधाराची पट्टी काढून तिला दिली. जपान ५-२ असा हरला. सावाचा तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना.

डिसेंबरात तिनं निवृत्ती जाहीर केली, आणि २७ तारखेला कावासाकीच्या तोदोरोकी मैदानावर सम्राज्ञी चषकाचा अंतिम सामना आला. वीस हजारांहून जास्त माणसं आली होती. तिच्या कोबे संघासमोर अल्बिरेक्स नीगाता. ७८ व्या मिनिटापर्यंत ०-०. मग कॉर्नर, नाहोमी कावासुमीनं मारलेला, आणि सगळ्यांच्या वर उठून डोक्यानं चेंडू जाळ्यात घालणारी सावा. १-०. तोच सामन्यातला एकमेव गोल.

तिथल्या गॅलरीतले लोक रडत होते. मी हा भाग पाहते तेव्हा माझेही डोळे भरून येतात, आणि त्याचं मला काही वाटत नाही. त्या वीस हजारांतल्या किती जणांनी तिला नव्वदच्या दशकात पाहिलं असेल? फारच थोड्या. उरलेले उशिरा आलेले. पण आले ते मनापासून आले, आणि तिनं त्यांना शेवटच्या दिवसापर्यंत खेळ दिला.

यानंतरचा भाग मला टोचतो. ती निवृत्त झाल्यावर तीनच महिन्यांत, २०१६ च्या मार्चमध्ये, जपान आपल्याच देशात, ओसाकात, रिओ ऑलिंपिकच्या पात्रतेत बाद झाला. लीगची गर्दी ओसरली होतीच. २०२१ मध्ये डब्ल्यूई लीग ही पूर्ण व्यावसायिक लीग सुरू झाली. सावाच्या पिढीला जे मिळालं नाही ते, म्हणजे खेळावर जगता येईल असा पगार, त्यातून मिळू लागला. प्रत्येक सामन्याला सरासरी पाच हजार प्रेक्षक असं उद्दिष्ट ठेवलं होतं. प्रत्यक्षात सुरुवातीच्या हंगामांत दीड हजारांच्या आसपास आले. २०२३ च्या विश्वचषकाचं प्रक्षेपण जपानमध्ये दिसेल की नाही, हे स्पर्धा सुरू व्हायच्या आठवडाभर आधीपर्यंत नक्की नव्हतं. शेवटी एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीनं हक्क घेतले. त्याच स्पर्धेत हिनाता मियाझावानं पाच गोल करून गोल्डन बूट जिंकला. बरोबर सावाइतकेच गोल. बारा वर्षांपूर्वी पहाटे उठलेल्या देशात तो खेळ टीव्हीवर आणायला इतकी ओढाताण व्हावी, याचा मला मनस्वी राग येतो.

कुणी म्हणतं की सावासारखी दुसरी तारका आली की गर्दी परतेल. मला हे मान्य नाही. दर पिढीत एक सावा जन्माला येईल आणि तिनं गुडघ्यात इंजेक्शन घेऊन सगळ्यांचा भार ओढावा, ही कसली व्यवस्था? साध्या शनिवारी, साध्या सामन्याला, घरातल्या मुलीला घेऊन गेलेली दोन हजार माणसं खेळ जगवतात. आमच्या पेठांतून पुरुषांच्या संघांना तशी माणसं आजही मिळतात, म्हणून तो खेळ तिथं उभा आहे. सावाच्या काळात बेलेझाच्या सामन्याला जे काही शे लोक पावसातही यायचे, त्यांची नावं कुठं नोंदलेली नाहीत. तिच्या लोकप्रियतेतला सगळ्यात जुना वाटा त्यांचा.

२०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत आशिया चषक महाराष्ट्रात झाला आणि जपानचा संघ पुण्याला बालेवाडीत खेळायला आला. म्यानमारला ५-०, व्हिएतनामला ३-०, दक्षिण कोरियाशी १-१. संघात साकी कुमागाई होती, फ्रँकफर्टची शेवटची पेनल्टी मारणारी, तेव्हा स्वतः कर्णधार. करोनामुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. मी तेव्हा पुण्यातच राहत होते, बालेवाडी काही लांब नाही, आणि मी घरात बसून फोनवर बघत होते. रिकाम्या खुर्च्यांसमोर कुमागाईचा आवाज स्पष्ट ऐकू यायचा, ओरडून ओरडून ती मागच्या मुलींना जागा सांगत होती. उपांत्य फेरी जपानच्या मुली चीनकडून पेनल्टीवर हरल्या, तीही पुण्यातच. भारताच्या संघाला तर करोनामुळे स्पर्धाच सोडावी लागली होती. आपल्या दारात येऊन गेलेली एवढी मोठी स्पर्धा आपल्या मुलींना गॅलरीतून पाहता आली नाही, ही हळहळ माझ्या मनातून जात नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मात्र गोव्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर, गॅलरी उघडी होती. सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक. जपानच्या मुलींनी गटात टांझानियाला आणि कॅनडाला चार-चार गोलांनी हरवलं, फ्रान्सलाही हरवलं, आणि त्यांच्या एका पासमागे दुसरा पास बघून फातोर्डाच्या जाणत्या प्रेक्षकांनी त्यांना मनसोक्त टाळ्या दिल्या. गोव्याच्या माणसाला फुटबॉल कळतो, तिथं उगाच टाळी पडत नाही. त्या संघात मोमोको तानिकावा नावाची मधल्या फळीतली मुलगी होती आणि तिनं गोलही केले. २०११ च्या त्या पहाटे ती सहा वर्षांची होती.

२८ जुलै २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये जपान ब्राझीलविरुद्ध ०-१ नं मागे होता. नव्वद मिनिटं संपून गेल्यावर कुमागाईनं पेनल्टीवर बरोबरी केली. चारच मिनिटांनी बदली म्हणून उतरलेल्या तानिकावाकडे, गोलपासून बरीच लांब, ब्राझीलचा एक चुकलेला पास आला. तिनं चेंडू थांबवलाही नाही. येईल तसा उचलून मारला आणि तो गोलकीपरच्या डोक्यावरून आत पडला. २-१. सगळ्यांत आधी तिच्या अंगावर झेप घेतली ती कुणी, हे टीव्हीवरच्या गर्दीत मला नीट दिसलं नाही. कुमागाई मागच्या फळीतून दोन्ही हात वर करून पळत येत होती, तेवढं दिसलं.